मामांची काळी पाच

एप्रिल लागला की आमच्या गल्लीत कुणीतरी माइकमध्ये फुंकर मारतं. आधी फुंकर, मग खाकरणं, मग "हॅलो, हॅलो, चेक." इतकी वर्षं झाली, पण महाडातल्या एकाही पोराला माइकसमोर दुसरं काही सुचलेलं मी ऐकलेलं नाही. परवाही तेच झालं. मी गॅलरीत मिरच्या वाळत घालत होते, खाली पोरं निळ्या पताका बांधत होती, आणि ती फुंकर आली. जयंतीचा मोसम सुरू झाला म्हणायचा. आता महिनाभर झोपेचं खोबरं.

मी जन्मभर शाळेत शिकवलं. "हळू बोला" हे वाक्य मी जितक्यांदा उच्चारलंय तितक्यांदा स्वतःचं नावही उच्चारलं नसेल. त्यामुळे लाउडस्पीकरला नावं ठेवायचा मला पूर्ण हक्क आहे, आणि मी तो बजावते. पण खरं सांगू? हा महिना आला की आवाज फार होतो म्हणून मला त्रास होत नाही. त्या सगळ्या आवाजात एक आवाज नसतो, म्हणून होतो.

त्याच संध्याकाळी नातवानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "आजी, हा बघ. विलायतेतला गायक. अजून गातो!" पाहिलं तर पंच्याहत्तरी उलटलेला एक गोरा, अंगात चकचकीत कोट, केस उघड उघड रंगवलेले. तरुणपणी ह्याच्या गाण्यावर पोरी बेशुद्ध पडायच्या म्हणे. नातवानं आधी त्याचं जुनं गाणं ऐकवलं, मग तेच आत्ताचं. पट्टी खाली आली होती. हे मला दोन ओळींतच कळलं, शेवटी पेटीवाल्याची मुलगी आहे मी. गाण्यातला सगळ्यात वरचा सूर आला तेव्हा त्या बुवानं सरळ माइक लोकांकडे फिरवला आणि स्वतः हसत उभा राहिला. हजारो लोकांनी तो सूर लावला. गाणं संपल्यावर तो काहीतरी बोलला आणि लोक खो खो हसले. मी विचारलं, काय म्हणाला रे? नातू म्हणाला, "तो म्हणतोय, हे आता माझ्याच्यानं होत नाही, म्हणून तर तुम्हाला बोलावलंय."

मला एकदम रडू फुटलं. नातू बिचारा घाबरला, पाणी आणायला पळाला. त्याला काय सांगणार? इतकं सोपं असतं होय ते? नुसतं हसून सांगायचं, की बाबांनो, आता नाही जमत, आणि लोक हसून टाळ्या वाजवतात? मग आमच्या गंगाराममामांच्या बाबतीत आम्हा सगळ्यांना ते इतकं अवघड का वाटलं?

गंगाराममामा माझे सख्खे मामा नव्हेत. ते बाबांचे दोस्त, दासगावचे. तरुणपणी दोघे मुंबईत एकाच गिरणीत होते, एकाच खोलीत राहायचे, एकाच चटईवर झोपायचे. मामांचा गळा आणि बाबांची पेटी ही जोडी तिथल्या चाळींत जमली. पुढे बाबांना महाडच्या कोर्टात बेलिफाची नोकरी लागली आणि ते परत आले. मामा गिरणीतच राहिले. पण चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस जवळ आला की ते रजा टाकून यायचे, आणि मग मार्चातल्या त्या दिवसापासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत आमची गायन पार्टी महाड-पोलादपूरच्या वाड्यावाड्यांतून फिरायची. पोस्टरवर मोठ्या अक्षरात 'कोकणचा बुलंद आवाज' आणि मामांचं नाव. त्याखाली, असलीच जागा उरली तर, 'पेटी : रघुनाथ'. माझी आई चिडायची. म्हणायची, "ह्यांचं नाव वाचायला भिंग आणा कुणीतरी." बाबांना त्याचं काही नव्हतं. गंग्याचं नाव मोठं म्हणजे आपलंच मोठं, असा त्यांचा सरळ हिशेब.

काय दिवस होते ते! सावित्रीचं पाणी आटून गोटे उघडे पडलेले. पत्र्याच्या छपराचा विहार, दुपारी आत शिरलं की भट्टीत शिरल्यासारखं व्हायचं. अंगणात रातांबे फोडून वाळत टाकलेले, त्यांचा आंबूस वास. धुवून कडक केलेली पांढरी पातळं, नवा चुना काढलेल्या भिंती. टेम्पोच्या हौद्यात बसून आम्ही जायचो, मधे पेटी, तिच्यावर माझी वळकटी. मी कोरसमध्ये होते. तेव्हा कॉलेजला जायचे, आणि परीक्षाही नेमकी त्याच महिन्यात यायची. टेम्पोत वही उघडली की मामा ओरडायचे, "ठेव गो बाय ती वही! पास व्हनारच हायस. गल्याला जप." ज्या गावात जाऊ तिथं घराघरांत दोघादोघांना जेवायला वाटून द्यायचे. भाकरी, सुकटीची चटणी, कुणी सढळ हाताचं असेल तर मटण. मामांना आपल्या घरी न्यायला बायकांची भांडणं लागायची.

आणि त्यांचं ते तळ्याचं गाणं. त्यात 'ओंजळ' असा एक शब्द होता. त्या शब्दावर मामा वर जायचे आणि वरच राहायचे. एक हात कानावर, दुसरा पुढं पसरलेला. चवदार तळ्याच्या पाण्याला ज्या पिढीनं पहिल्यांदा हात लावला, त्यातल्या काही म्हाताऱ्या तेव्हा हयात होत्या. त्या पुढच्या रांगेत बसायच्या. मामांचा सूर तिथं पोचला की त्या पदर डोळ्यांना लावायच्या, आणि त्यांच्याकडे बघून बाकीचे. मी मागं उभी राहून शेकडो वेळा ऐकलं असेल, तरी दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा.

हे गाणं ते काळी पाचमध्ये गायचे. ज्यांना पेटी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पेटीवरच्या काळ्या पट्ट्या मोजतात, आणि गायक ज्या पट्टीला आपला सा धरतो ती त्याची पट्टी. काळी पाच म्हणजे फार चढी. पुरुषाच्या गळ्याला ती झेपणं म्हणजे खेळ नव्हे. आमच्याकडे तर पट्टी ही गायकाची इभ्रत. लोक गायकाचं गाव विचारायच्या आधी पट्टी विचारायचे. "मामा अजून पाचातच गातात?" "तर! पाचाच्या खाली गानं म्हंजे काय गानं हाय?" असं मामा स्वतःच म्हणायचे, मिशीवर ताव देत. पट्टी उतरली म्हणजे माणूस संपला, हे त्यांनी स्वतःच इतक्यांदा आणि इतक्या लोकांना ऐकवून ठेवलं होतं की आता मागं फिरायला वाट नव्हती.

मग संप झाला, गिरणी गेली, आणि मामा कायमचे दासगावला आले. पन्नाशी कधीच उलटून गेली होती. गळ्यात गिरणीतला कापूस आणि तोंडात बिडी. तोवर कॅसेटी आल्या होत्या. स्टँडसमोरच्या टपरीवर दिवसभर वाजायच्या. नव्या पार्ट्या सिनेमाच्या चालींवर जयंतीची गाणी बसवायच्या आणि पोरं बेभान नाचायची. कुणी मामांना म्हणालं, तुम्ही पण एखादी तशी चाल घ्या की. मामा म्हणाले, "नाचायचं तर खुशाल नाचा रे. पन माजं गानं ऐकताना तरी बसा." पोस्टरवर मामांचं नाव वरून मधे आलं, मधून खाली आलं. आता त्यांना पूर्ण कार्यक्रम मिळायचा नाही. मानाचं पहिलं गाणं तेवढं त्यांचं. ते झालं की कमिटीचा कुणीतरी नम्रपणे म्हणायचा, "मामा, आता बसा, चहा घ्या." मामा बसायचे, चहा घ्यायचे. दुसरा गाणारा जोरात असला की मान डोलवून दादही द्यायचे. वाईट वाटत असेल तर ते दिसू द्यायचे नाहीत.

त्याच सुमारास माझ्या लक्षात एक गोष्ट आली. कोरस गाताना माझा आवाज खाली कुठंतरी घासायला लागला होता. पूर्वी वरच्या ओळीला घसा ताणावा लागायचा, आता लागेना. एकदा टेम्पोतून उतरताना मी बाबांना विचारलं, "बाबा, पट्टी बदलली का हो?" बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बेलिफाच्या हातातलं समन्स परवडलं. म्हणाले, "तू कोरसवाली हायस ना? मग गप गाय."

बाबांनी काय केलं होतं, तर दोन मोसमांपूर्वी एकदा मामांचा सूर वर जाताना कापलेला त्यांना जाणवला होता. लोकांना नाही कळलं, बाबांना कळलं. पुढच्या गावी त्यांनी काळी पाचऐवजी गुपचूप काळी चार दिली. मामा मोकळे गायले. पुढच्या वर्षी काळी तीन. मामा उभं राहून गायचे, तोंड लोकांकडे, पाठ पेटीकडे. पेटीवर बोट कुठं आहे हे त्यांनी जन्मात वळून पाहिलं नव्हतं. पाहायचं कशाला? तिथं रघ्या होता. उलट गाडीत बसल्यावर मांडीवर थाप मारून म्हणायचे, "रघ्या, ह्या वर्साला गला काय मोकला सुटलाय रे! बिडी कमी केली त्याचा गुन." बाबा हसायचे. काय वाटत असेल त्यांना त्या हसण्यात, कुणास ठाऊक.

आता तो मोसम सांगते, ज्याच्यापायी हे सगळं लिहायला बसले. पोलादपूरच्या वर डोंगरात एक वाडी आहे. तिथल्या लोकांनी त्या वर्षी सामना ठेवला होता. सामना म्हणजे दोन पार्ट्या समोरासमोर, एकीनं गाणं टाकायचं, दुसरीनं जबाब द्यायचा. आमच्या समोर मुंबईची पार्टी होती, मंदा नावाची तरुण गायिका, मूळची पोलादपूरकडचीच. वाडीत वीज नव्हती, आणि ठरवलेला जनरेटर कुठल्याशा लग्नानं पळवला. म्हणून सामना उजेडीच घ्यायचा ठरला, दुपारची जेवणं झाल्यावर, आंब्याखाली. माइकला गाडीची बॅटरी जोडली होती. दिवसाउजेडी सामना मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. रात्री बत्तीच्या उजेडात समोरची माणसं नुसती काळी गर्दी असतात. त्या दिवशी एकेकाचा चेहरा दिसत होता. आणि त्यांना आमचा.

सामन्याची रीत अशी होती, की पहिली पार्टी पट्टी धरते आणि दुसरीनं त्याच पट्टीत जबाब द्यायचा. पट्टी उतरवली की हार. म्हणूनच बाबांचं आजवर निभावलं होतं. वडीलधारा म्हणून पहिलं गाणं कायम मामांचं. बाबा देतील ती पट्टी, आणि समोरच्याला ती घ्यावीच लागायची. खालची पट्टी घ्यायला कुणाची ना नसते, आणि समोरच्या पेटीवाल्याला कळलं तरी वडीलधाऱ्या माणसाची पट्टी कुणी चारचौघांत काढत नाही.

त्या दिवशी कमिटीचे लोक नेहमीसारखे मामांकडे आले, "मामा, करा सुरुवात." आणि मामांना काय दिलदारी सुचली! मंदाकडे बघून म्हणाले, "पोरगी येवढी मुंबैवरनं आपल्या मातीत आलीय. आज पयला मान तिचा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा हात भात्यावर तसाच राहिला होता.

मंदा उठली, मामांच्या पाया पडली. लहानपणी चाळीत पुढच्या रांगेत बसून तिनं मामांना ऐकलेलं होतं. माइकवर तसं म्हणालीही, "मी मामांचं ऐकून गाणं शिकले. म्हणून आज मी माझी पट्टी धरणार नाही, मामांची धरणार. काळी पाच." पुन्हा टाळ्या. तिच्या पेटीवाल्यानं काळी पाच दिली आणि ती गायली. काय गायली! मामा मान डोलवत होते, "वा पोरी, वा" म्हणत होते. त्यांना कसली काळजी? पट्टी त्यांचीच होती.

मग मामा उठले. हात कानावर, पाठ पेटीकडे. बाबा पुढं वाकले आणि म्हणाले, "गंग्या, थांब जरा. पाचाचा सूर बसलाय. दबत नाय नीट. आज तिनात घेऊ." मामा वळलेसुद्धा नाहीत, म्हणाले, "तिनात? येडा झालास काय रे?" तेवढ्यात मंदाचा पेटीवाला, भला माणूस, आपली नवी कोरी पेटी उचलून बाबांसमोर ठेवून गेला. "घ्या दादा, माझी घ्या." बाबांनी आपली पेटी बाजूला सारली. त्यांनी त्या परक्या पेटीवर काळी पाच दिली.

पहिली ओळ मामांनी ओढून नेली. दुसरीला मानेच्या शिरा फुगल्या. 'ओंजळ' आली, ते वर गेले, आणि आवाज फाटला. आम्ही कोरसवाल्या पोरींनी मागून उचलायचा प्रयत्न केला, पण ते कुणाला फसवणार होतं? मामांनी पुन्हा एकदा घेतली. पुन्हा फाटला. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं मान खाली घातली, आणि ते मामांनी पाहिलं. रात्र असती तर दिसलं नसतं.

तेव्हा ते वळले. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यांनी पेटीवरचं बाबांचं बोट पाहिलं. मग बाबांचं तोंड पाहिलं. हळूच विचारलं, पण माइक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं.

"रघ्या, काल नाते गावात कुठली पट्टी दिली होतीस?"

बाबा म्हणाले, "तीन."

"आनि गेल्या वर्साला?"

बाबांनी भाता मिटला. मामांनी मान हलवली, जसं काही जुनं कोडं सुटलं. मग लोकांकडे तोंड करून म्हणाले, "माज्याकडं जबाब नाय. पोरगी जिंकली. वाजवा टाल्या." मंदा रडत पुढं आली. "मामा, मी मान म्हणून धरली हो तुमची पट्टी." मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बरोबर धरलीस गो बाय. तुजं काय चुकलं नाय." बाबांना ते एक शब्द बोलले नाहीत. परतीला हौद्यात आमच्यात न बसता पुढं ड्रायव्हरशेजारी बसले, आणि पोलादपूरच्या स्टँडवर उतरून एसटीनं दासगावला गेले.

तिथं पार्टी मोडली. भांडण झालं नाही, शिव्याशाप झाले नाहीत. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं मला कैक वेळा वाटलंय. आमचे लोक भांडून पुन्हा एका ताटात जेवतात. हे तसं नव्हतं.

त्या पावसाळ्यानंतर मामी मला महाडच्या बाजारात भेटल्या. सुकी मासळी घेत होत्या. मी म्हटलं, "मामी, मामांना सांगा ना, बाबांनी वाईट मनानं नाही केलं." मामी बोंबलांची जुडी उलटसुलट करत म्हणाल्या, "त्यांस काय समजत नाय व्हय? खाली गायची लाज नव्हती गो त्यांना. रघूभावोजी एक डाव बोलले असते ना, गंग्या आता वय झालं, तर दोन शिव्या दिल्या असत्यान आनि खाली बसून गायले असते. लाज कशाची वाटली, तर सगला मोसम गला सुटला, गला सुटला म्हनत व्हते, आनि तुजा बापूस नुसता हसत व्हता. त्या हसन्याचं लागलं त्यांना."

घरी येऊन मी हे बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "सांगितलं असतं तर त्यानं गाणं टाकलं असतं." मी फटकळ, म्हटलं, "मग आता काय वेगळं झालं?" बाबा उठून मोरीत पाय धुवायला गेले. पाय स्वच्छच होते.

आणि गंमत बघा, मामांनी गाणं टाकलंच नव्हतं. हे आम्हाला कितीतरी उशिरा कळलं. स्टेज सोडलं, माइक सोडला, पेटी सोडली. पण कुणाच्या बारशाला, कुणी गेल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनाला, पौर्णिमेला विहारात, कुणी म्हणालं की ते खाली चटईवर बसून गायचे. साथीला काही नाही, फार तर कुणाची तरी खंजिरी. शाळेतल्या एका शिक्षिकेनं मला सांगितलं, "तुमचे ते मामा ऐकलेत का हल्ली? पूर्वी भारी गायचे म्हणतात. पण मला आत्ताचंच आवडतं." मी मनात म्हटलं, हिला काय कळतंय!

एका वैशाखी पौर्णिमेला मी मुद्दाम गेले. सकाळची वेळ, विहाराची दारं उघडी, बाहेर खाडीवरून खारा वारा येत होता. मामा भिंतीला टेकून बसले होते. केस पिकलेले, मिशी खाली वळलेली. तेच तळ्याचं गाणं. पण सावकाश, बोलल्यासारखं, जवळच्या माणसाला सांगावं तसं. 'ओंजळ' आली. ते वर गेलेच नाहीत. खालीच थांबले, तो शब्द दोन हातांत धरून ठेवल्यासारखे. पूर्वी त्या शब्दाला मला मामा दिसायचे. त्या सकाळी पहिल्यांदा पाणी दिसलं. वाटलं, अरे, हे गाणं असं होतं तर. इतकी वर्षं आम्ही चढाईच्या नादात ते नीट ऐकलंच नव्हतं.

मामांनी मला पाहिलं. गाणं झाल्यावर जवळ बोलावलं, पोराबाळांची चौकशी केली, शाळेचं विचारलं. बाबांचं विचारलं नाही. मी निघताना मात्र म्हणाले, "घरी समदी बरी हायत ना?" समदी म्हणजे कोण, ते दोघांनाही कळत होतं.

घरी आले तर बाबा ओटीवर बसलेले. मी कुठं गेले होते हे त्यांना ठाऊक होतं. मला पाणी पिऊ दिलं. मग म्हणाले, "दम टिकतो का?" मी म्हटलं, "टिकतो. बाबा, फार सुंदर गातात. तुम्ही एकदा चला." बाबा "बघू" म्हणाले. माझ्या बाबांनी चाळीस गावांत समन्सं वाटली. कुणी कुत्रं अंगावर सोडलं, कुणी कोयता दाखवला, ते कुणाच्या दारात जायला कधी कचरले नाहीत. दासगावला तर कामासाठी दर पंधरवड्याला जायचे. पण मामांच्या आळीच्या तोंडाशी पोचले की चहाच्या दुकानात बसायचे आणि तिथूनच परत फिरायचे. चहावाल्यानंच मला सांगितलं. मंदानं दोनदा निरोप धाडला, मुंबईला या, माझ्या पार्टीत पेटी धरा. बाबांनी नाही म्हणून कळवलं. दर रविवारी पेटी काढायचे, फडक्यानं पुसायचे, एकेक पट्टी दाबून पाहायचे आणि पुन्हा झाकण लावायचे. आई म्हणायची, "जीव लावलाय तो त्या पेटीला, माणसांपाशी जाऊन बोला की." आई असं नेहमी मुद्द्याचं बोलायची आणि तिचं कुणी ऐकायचं नाही.

जिथं जिथं कॅसेटी विकायचे तिथं मी पुढं विचारून पाहिलं. मामांची एकही नाही. जेव्हा ते बुलंद होते तेव्हा कॅसेट नव्हती, आणि जेव्हा कॅसेट आली तेव्हा कुणाला म्हातारा नको होता. चटईवरचं ते सावकाश गाणं तर कोण भरून घेणार? माझ्याकडे टेपरेकॉर्डर होता. शाळेतून घरी आले की मी त्यावर नाटकं ऐकायचे. तो पिशवीत घालून एसटीत बसायचं मला कधी सुचलं नाही.

मामा गेले ते थंडीत. अंथरुणाला खिळले नाहीत, दोन दिवस ताप, संपलं. निरोप आला तेव्हा बाबा जेवत होते. ताट सारलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. त्या दिवशी बाबांना अंत्ययात्रेला नेण्यासारखी अवस्था नव्हती. पण पुण्यानुमोदनाच्या दिवशी सकाळीच उठून कपडे करून तयार. हातात पेटी. मी म्हटलं, मी धरते, जड आहे. दिली नाही. एसटीत मांडीवर घेऊन बसले. दासगावला चहाच्या दुकानाशी क्षणभर थांबले, मग आळीत शिरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

अंगणात माणसं बसली होती. वंदना झाली, चार जण मामांबद्दल बोलले. मग कुणीतरी म्हणालं, मामांचं तळ्याचं गाणं होऊ दे, आम्ही सगळे म्हणतो, रघूदादा आलेत तर पेटी धरतील. बाबांनी मान हलवली. पेटी पुढ्यात घेतली, झाकण काढलं, भाता सोडला. उजवा हात पट्ट्यांवर नेला आणि तिथंच थांबले. बोट कुठं ठेवावं हे त्यांना कळेना. ज्या माणसाच्या गळ्याची उतरण त्यांनी त्या माणसाच्याही आधी ओळखली होती, त्याचा शेवटचा सा कुठं होता हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मामींकडे पाहिलं.

"वैनी, शेवटाला गंग्या कुठल्या पट्टीत गायचा?"

मामी दाराला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, खरंच नव्हता. म्हणाल्या, "मला काय म्हाईत भावोजी? पेटी नव्हतीच ना कवा."

बाबांनी हात मागं घेतला. मांडीवर ठेवला. लोकांना म्हणाले, "तुमी म्हना. मी ऐकतो." लोक म्हणायला लागले, कुणी वर, कुणी खाली, ज्याला जशी लागली तशा पट्टीत. बाबा मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिले.